हात कोणाच्या कसुरीने जातो?

गोव्यातील डिचोलीची औद्योगिक वसाहत असो वा पेडणे तालुक्यातील तुयेची, तेथील एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला म्हणजे त्याची हकीकत बहुधा चार ओळींत आटोपते. आणि चौकशीचा कागद अजून कोराच असताना ‘कामगाराचे दुर्लक्ष’ हे कारण निकालासारखे सर्वांच्या तोंडी रुळते. या दोन शब्दांनी चौकशी आरंभापूर्वीच बरखास्त होते आणि पुढच्या कामगाराचा हात त्याच यंत्राच्या स्वाधीन केला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र्याला आकार देणारा जुन्या धाटणीचा पॉवर प्रेस पाहावा. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, वरचा रॅम खाली येऊन परत जातो, आणि तयार झालेला जॉब तो हाताने उचलून घेतो. एका पाळीत ही क्रिया शेकडो वेळा घडते. क्लचची चावी झिजलेली असली की पॅडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो, आणि त्या वेळी हात डायमध्ये असतो. अत्यंत दक्ष माणसाची दक्षताही येथे निरुपयोगी ठरते; उपयोग होतो तो डायभोवती बोटही शिरू न देणाऱ्या जाळीचा, जॉब काढण्याच्या चिमट्याचा आणि झिजलेली चावी वेळेवर बदलणाऱ्या मालकाचा. पण जाळीमुळे काम मंदावते, आणि मजुरी वा बढती जर नगांच्या संख्येवर अवलंबून असेल, तर ती जाळी एके दिवशी भिंतीला टेकून उभी राहते व तिकडे पाहूनही कोणी काही बोलत नाही.

हाताच्या इजांविषयी अमेरिकेत १,१६६ कामगारांना विचारपूस करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. यंत्र वा हत्यार नेहमीसारखे चालत नसताना इजेचा धोका सुमारे अकरा पटींनी वाढतो, कामाची रोजची पद्धत सोडावी लागली तरी तो दहा पटींच्या घरात जातो, सवयीबाहेरचे काम अंगावर आले तरी तो वाढतो, आणि ज्याचा आपण एवढा उच्चार करतो ते विचलित चित्त या सर्वांच्या खाली येते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हातमोज्यांनी धोका साठ टक्क्यांनी घटल्याचेही त्यात दिसले. मात्र फिरत्या ड्रिलजवळ तोच मोजा हाताला आत ओढून नेतो, हे जाणत्या फिटरला सांगावे लागत नाही. आपल्याकडे अडकलेला पट्टा चालू यंत्रातच मोकळा केला जातो. एक जण आत हात घालून सफाई करीत असता दुसरा बटण दाबतो. आणि मुकादमाने सकाळी आणून उभा केलेला परप्रांतीय मजूर, ज्या भाषेत सूचना दिल्या ती न समजताच, आयुष्यात प्रथम पाहिलेल्या यंत्रावर बसतो. मुख्य स्विचला कुलूप घालून त्याची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवण्यास किती खर्च येतो?

कायद्याने या बाबतीत मौन पाळले आहे असेही नाही. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम रक्षक असावेत आणि यंत्र चालू असेतो ते जागेवर असावेत, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने फर्मावले होते. त्याची जागा घेणारी नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून, तीत विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी लागणारी कामगारसंख्या १० वरून २० वर नेली आहे. मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य दहा कामगारांपासून कायम असले, तरी ग्रिल जोडणाऱ्या वा लाकूड कापणाऱ्या चार-पाच माणसांच्या शेडकडे कोणाचे लक्ष जाणार? तेथील गोल करवत मात्र माणसे मोजून बोटे कापीत नाही.

हात गेल्यावर भरपाईचे कोष्टक पुढे येते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने अंगठा गेल्यास कमावण्याच्या शक्तीची हानी ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२ आणि करंगळी गेल्यास ७ टक्के ठरविली. हिशेबाला असे कोष्टक लागते हे मान्य. पण सुताराची पकड आणि कारकुनाची पकड त्याला एकाच मोलाची वाटते, आणि ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याला तेवढेही मिळवताना दारोदार फिरावे लागते.

म्हणून माझी मागणी अशी की, कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने प्रत्येक गंभीर अपघाताचा अहवाल प्रसिद्ध करावा, आणि त्यात रक्षक होता काय, नसल्यास तो केव्हापासून व कोणाच्या हुकुमावरून काढला होता, या प्रश्नांची उत्तरे जखमीच्या कसुरीआधी यावीत. ज्या लहान शेडना पंचायत परवाना देते, त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी रक्षक बसविल्याचा दाखला आवश्यक ठरवावा. खंडेनवमीला यंत्रे बंद असतात, पुसली जातात आणि पूजली जातात. रक्षकांची वार्षिक तपासणी करण्यास याहून सोयीचा दिवस नाही. आणि ज्या यंत्राने एक हात घेतला आहे, ते निरीक्षकाची सही झाल्याखेरीज पुन्हा सुरू करण्याची मुभा कोणत्याही मालकाला असू नये.