सायकल आजच्या अंगाची घ्या



मृग जवळ आला की आपल्या घरात दोन खरेद्या एकदम येतात. एक बियाण्याची, दुसरी शाळेची. सातवीपर्यंतची शाळा पुष्कळ गावांत असते. आठवीला लेकरू शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाऊ लागते आणि घरात सायकलीचा विषय निघतो. बियाण्याची पिशवी कशी पारखावी हे या पानावर पुष्कळदा सांगून झाले. आज सायकलीविषयी सांगतो. शेतीखात्याच्या माणसाने सायकलीचे काय सांगावे, असे कुणी म्हणेल. पण नोकरीची पहिली काही वर्षे मी सायकलीवरच शिवारे पालथी घातली आहेत, आणि सायकल घेताना एक मोठी चूकही केली आहे. ती चूकच आधी सांगतो.

२००९ साली माझी थोरली मुलगी आठवीत गेली. हायस्कूल साडेतीन किलोमीटरवर, वाटेत ओढ्याचा उतार. मी तालुक्याच्या गावी एकटाच दुकानात गेलो. मुलीला बरोबर नेले नाही, ही पहिली चूक. दुकानदार म्हणाला, "साहेब, पोर वाढीला लागलंय. सव्वीस इंची घ्या, बारावीपर्यंत बघायला नको." मला पटले. गिअर, शॉकअप, झगझगीत रंग, सगळे होते. सायकल घरी आली, हळदकुंकू लावले, नारळ फोडला.

दहा-बारा दिवसांनी उतारावर शेळ्या आडव्या आल्या. मुलीने ब्रेक दाबला, सायकल थांबली, पण तिचा पाय जमिनीला पोचला नाही. आडवी पडली आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. माझी आई म्हणाली, "कशाला पाहिजे पोरीला एवढ्या लांबची शाळा? बसू दे घरी."

प्लास्टर निघाले, मुलगी पुन्हा सायकल घेऊन शाळेला जाऊ लागली. आम्ही निर्धास्त झालो. एके दिवशी एका शेतकऱ्याने मला बांधावर सांगितले, "साहेब, तुमची लेक गावाबाहेर पडली की उतरते आणि सायकल हातात धरून चालत जाते." घरी येऊन विचारले, तर म्हणाली, "तुम्ही एवढे पैसे घातले, म्हणून बोलले नाही."

जमीन पाहून वाण निवडा असे गावोगाव सांगणारा मी, आणि स्वतःच्या लेकीचे माप मला घेता आले नाही. ती सायकल निम्म्या किमतीला विकली आणि तिला बरोबर नेऊन साधी चोवीस इंची घेतली. ती पुढे तीन वर्षे चालली. माप माझे चुकले होते, पण शाळा तिची सुटणार होती. म्हणून हा सगळा खटाटोप.

माप आधी, रंग मागून

लेकराचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात. सायकल मात्र आजच्या अंगाची घ्यावी. सदरा मोठा झाला तर बाही दुमडता येते, सायकल दुमडता येत नाही.

जो चालवणार त्याला दुकानात न्याच. दांडीची सायकल असेल तर दांडी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, तळवे जमिनीला पूर्ण टेकवून उभे करा. दांडी आणि अंग यांत निदान तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसवा. शिकाऊ पोराचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. हात चांगला बसल्यावर सीट थोडी वर घ्यावी. पायंडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली आणि पाय सरळ झाला, की ती सीटची नेमकी उंची. सीट खाली ठेवून रोज गुडघे मुडपून चालवले तर गुडघे दुखतात.

पोर वाढेल तशी सीट वर घेता येते, तेव्हा वाढीची सोय सायकलीतच आहे. मात्र सीटच्या नळीवर खूण असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नये. नळी मोडते, नाहीतर सांगाडा चिरतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस हा आकडा चाकाचा असतो, सांगाड्याचा नव्हे. दोन सव्वीस इंची सायकलींच्या सांगाड्यांची उंची वेगळी असू शकते. म्हणून नुसता आकडा सांगून दुसऱ्याकरवी सायकल मागवू नका. आणि घरात आई, मुलगी, मुलगा असे तिघे एकच सायकल वापरणार असतील, तर बिनदांडीची घ्या. लुगडे-साडी नेसणाऱ्या बाईलाही तिच्यावर बसता येते.

काम कोणते, वाट कोणती

दूध घालायला जायचे, वैरणीचा भारा आणायचा, तर जुन्या घडणीची जाड तारांची, अठ्ठावीस इंची साधी सायकल चांगली. तिचे कॅरिअर दणकट असावे आणि त्याचे पाय मागच्या चाकाच्या एक्सलपाशी पक्के आवळलेले असावेत. स्टँड दोन पायांचे घ्या. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल एका पायाच्या स्टँडवर उभी राहत नाही, आणि कलंडली की दिवसाची कमाई मातीत जाते.

शॉकअप पाहून पोरे भुलतात. स्वस्त शॉकअपने सायकल जड होते, चढावर मारलेला जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत सांधे खुळखुळू लागतात. गिअर वाईट नाहीत. घाटाच्या, चढाच्या वाटेला त्यांचा उपयोग आहे. पण ते बिघडले तर दुरुस्त करणारा जवळ आहे का, हे आधी पाहा.

माझा सोपा उपाय सांगतो. सायकल घेण्याआधी गावच्या पंक्चरवाल्याला विचारा, "या मापाचे टायर-ट्यूब तुझ्याकडे मिळते का?" सव्वीस इंचीतसुद्धा बारीक टायर आणि जाड टायर यांच्या रिमा वेगळ्या मापाच्या असतात. एकीचे टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या अंगावर लिहिलेले पूर्ण माप वहीत टिपून ठेवा. ऐन परीक्षेच्या आठवड्यात टायर फाटले आणि माप गावात नसले, तर नवी सायकलही भिंतीला टेकून राहते.

दुकानात काय पारखावे

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवतो. सायकलीचेही तसेच करावे. कारखान्यातून सायकल बहुधा अर्धवट जोडलेली येते. उरलेली जोडणी दुकानातला फिटर करतो. नव्या सायकलीचे पुष्कळ दोष या घाईच्या जोडणीतले असतात.

१) चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेकचे रबर यांच्यातल्या फटीकडे पाहा. फट कमी-जास्त होत असेल तर चाकाला आऊट आहे. तिथेच काढून मागा.

२) दोन-दोन तारा चिमटीत दाबत चाकभर जा. एकही तार ढिली लागता कामा नये.

३) रिम धरून आडवी हलवा. खटखट वाजले तर एक्सल ढिले आहे. खटखट नाही पण चाक जड फिरते, तर फाजील आवळले आहे.

४) पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मग मागचा दाबून ढकला. चाक सरकता कामा नये. हाताची मूठ लहान असेल त्या पोराला स्वतः ब्रेक दाबून पाहू द्या.

५) डाव्या पायंडलाचे आटे उलटे असतात. ते जोराने वाकडे बसवले असेल तर आटे मरतात आणि थोड्याच दिवसांत पायंडल गळून पडते. दोन्ही पायंडले सरळ फिरतात का पाहा.

६) शेवटी शे-दोनशे पावले चालवून आणा. सायकल एका बाजूला ओढत असेल तर पैसे देऊ नका.

पावती आणि पंधरा दिवस

पावती पक्की घ्या. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, तो पावतीवर लिहून घ्या. सायकल चोरीला गेली तर आपली म्हणून ओळखण्याचा तोच पुरावा. घंटी, कुलूप, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड किमतीत आहे की वेगळे, हे आधीच ठरवा. नाहीतर स्वस्त वाटलेली सायकल घरी येईपर्यंत महाग होते.

नवी सायकल पंधरा दिवस चालवली की तारा बसतात, ब्रेकची केबल ताणते, नट आणि कॉटर पिना ढिल्या होतात. तेव्हा पुन्हा दुकानात नेऊन सगळे आवळून घ्या. ही फेरी बहुतेकजण चुकवतात आणि पुढे कॉटर पिन खाऊन क्रँक डुगडुगू लागला की कंपनीला शिव्या देतात.

पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर लावून घ्या. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याने अंधारात धावतात. शाळेतून सांजावता परतणारे लेकरू त्यांना लांबून दिसले पाहिजे.

जुनी सायकल घेताना

जुनी घ्यायला हरकत नाही. पण हँडलखालच्या सांध्यावर रंग तडकला आहे का, चिमटा मागे दबला आहे का, हे उजेडात पाहा. सांगाडा चिरलेला असेल तर फुकटही घेऊ नका. टायर, चेन, ब्रेकचे रबर बदलता येते, तो खर्च किमतीतून वजा करा. आणि विकणाऱ्याकडून सांगाड्याचा नंबर घालून सहीची चिठ्ठी घ्या. चोरीचा माल निघाला तर सायकलही जाते आणि अब्रूही.

भगिनींना एक विशेष सांगणे. मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आपला तालुका त्यात आहे का आणि कागद कोणते लागतात, हे मुख्याध्यापकांना शाळा उघडताच विचारा. अनुदान मिळाले तरी माप मात्र मुलीचेच घ्या.

दुकानातून आल्यावर काम संपले असे समजू नका. महिन्याभराने एकदा लेकराला सहज विचारा, "सायकल बरी चालते ना?" आणि तोंडाने काय सांगते त्यापेक्षा चेहऱ्याकडे पाहा. पैसे खर्च झाले म्हणून पोरे गप्प बसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

पेरणीला वाफसा पाहूनच लागा. पुढच्या आठवड्यात भेटू.