जिंकलेली मजुरी राखायची कशी?

अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने ठरविलेले किमान वेतन २४ जुलै २००९ रोजी ताशी ७.२५ डॉलर झाले आणि तेथेच थिजले. महागाई मात्र थिजली नाही. केंद्रीय सत्तेचे दार असे बंद झाल्यावर तेथील कष्टकऱ्यांनी राज्यांची व शहरांची दारे ठोठावली. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांतील कामगारांनी ताशी १५ डॉलर आणि संघटनेचा हक्क या मागण्यांसाठी एक दिवसाचा संप केला. २०१३ साली सीटॅक या विमानतळाच्या छोट्या शहरात ही मागणी मतपेटीपर्यंत पोहोचली आणि अवघ्या ७७ मतांनी विजयी झाली. जून २०१४ मध्ये शेजारच्या सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने तोच मार्ग स्वीकारला. पुण्यात जन्मलेल्या समाजवादी अर्थशास्त्रज्ञ क्षमा सावंत या परिषदेच्या सदस्य होत्या आणि या लढ्यात आघाडीवर होत्या.

वेतन वाढले की रोजगार बुडतो, हा मालकवर्गाचा ठरावीक युक्तिवाद. न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, तेव्हा कार्ड व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील उपाहारगृहांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील उपाहारगृहांशी केली. रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. या विषयावरील वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु मालकांची धास्ती म्हणजे अर्थशास्त्राचा सिद्धान्त नव्हे, एवढे त्यातून निश्चित झाले.

मात्र युक्तिवाद हरला म्हणून मालकवर्ग हरत नाही. मे २०१७ मध्ये सेंट लुइस शहरात किमान वेतन १० डॉलर झाले. मिसुरी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शहराचा हा अधिकारच काढून घेतला, आणि २८ ऑगस्टपासून कायदेशीर दर पुन्हा ७.७० डॉलरवर आला. हाती पडलेली मजुरी चार महिन्यांत कायद्यानेच हिरावली! कामगारांनी मग सह्या गोळा करून प्रश्न साऱ्या राज्यातील मतदारांपुढे नेला. २०१८ मध्ये सुमारे ६२ टक्के मतांनी १२ डॉलरपर्यंतची वाढ मंजूर झाली. २०२४ मध्ये १५ डॉलर व पगारी आजारी रजाही मिळाली. २०२५ मध्ये त्याच विधिमंडळाने ती रजा रद्द केली आणि वेतनाची महागाईशी घातलेली सांगडही तोडली.

अलाबामात तर सह्यांचा हा मार्गही उपलब्ध नाही. बर्मिंगहॅम शहराची १०.१० डॉलरची वाढ तेथील विधिमंडळाने २०१६ मध्ये रद्द केली, तेव्हा कामगारांच्या वाट्याला संघराज्याचे ७.२५ डॉलरच उरले. उलट फ्लोरिडातील मतदारांनी २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने १५ डॉलरची वाढ थेट राज्यघटनेत लिहविली. विधिमंडळाच्या साध्या ठरावाने ती पुसता येत नाही.

तेव्हा दर किती, एवढाच प्रश्न नाही. तो ठरविण्याचा आणि मोडण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. हक्क कायद्यात किती खोल रुजला आहे, हे कार्यकर्त्यांनी विजयाच्या दिवशीच तपासले पाहिजे. मतमोजणी संपल्यावर मालकांचे प्रतिनिधी घरी जात नाहीत. ते विधिमंडळात जातात. कामगारांची संघटना त्या दिवशी पांगली, तर जिंकलेली मजुरी राखणार कोण?