शस्त्राआधी शिस्त

लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रकायदा झाला आणि हिंदुस्थानी माणसाने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सूट होती. समाजाचे शस्त्र काढून घेतले की त्याचा आत्मविश्वासही खचतो, हे परकीय सत्ता ओळखून होती.

स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला कायदा केला. परवान्याची अट कायम ठेवली. २०१९च्या दुरुस्तीने तर परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

मग अमेरिकेचा कित्ता गिरवावा काय? तेथे १७९१पासून शस्त्र हा घटनादत्त हक्क आहे. परंतु २०१२ साली सँडी हूकच्या शाळेत २० कोवळी बालके गोळ्यांना बळी पडली. कर्तव्याची जोड नसलेला हक्क किती भीषण होतो, याचा हा दाखला!

स्वित्झर्लंडची वाट निराळी आहे. तेथे पुरुषांना सैनिकी सेवा सक्तीची. प्रशिक्षित सैनिक आपली रायफल घरी ठेवू शकतो. आधी शिक्षण, मग शस्त्र!

खंडेनवमीला आपण शस्त्र पूजतो, ते मिरवण्यासाठी नव्हे. म्हणून परवाने सैल करण्याची मागणी करण्यापेक्षा प्रत्येक महाविद्यालयात सैनिकी शिक्षणाचा आग्रह धरू या. समर्थ समाज घडतो तो संयमी मनगटांतूनच.