परसदारातून : बडगा झाला, माशा राहिल्या



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बडगा असतो. दाराशी ठेवलेली पळसाची डहाळी पहाटे उचलायची, पोरांनी आरडाओरडा करत ती शिवेबाहेर नेऊन टाकायची, आणि तिच्यासोबत रोगराई, माशा, डास गावातून घालवून द्यायचे. नागपूरकडच्या वाचकांना मारबत आठवेल, भावना तीच. बेला मंडलातल्या आमच्या गावात हे अजून उत्साहाने होते.

यंदा नातू डहाळी टाकून, घसा बसवून घरी आला. तोवर मी कोंबड्यांच्या खुराड्याची खालची फळी उचलली होती. फळीखालची ओली शीट चक्क हलत होती. पांढऱ्या अळ्या, मूठभर नव्हे, सूपभर!

त्याच दुपारी शेजारच्या अक्का आल्या. अक्का तेलुगू, आम्ही मराठी. पण पंचवीस वर्षांत दोघींची मिळून एक तिसरीच भाषा झाली आहे. त्या बराच वेळ पावसाचे बोलल्या, कापसाचे बोलल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "वदिना, ईगलु लै झालेत हो." ईगलु म्हणजे माशा. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. बाळ नऊ दिवसांचे. एकविसाव्या दिवशी अंगणात बारसे, तेलुगूत बारसाला. शंभर पाने उठायची होती. "पाळण्याला मच्छरदाणी लावली, पण लेकीच्या ताटावर बसतात," एवढेच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. पंचवीस वर्षांत असे कधी झाले नव्हते.

यजमान म्हणाले, "विकून टाक कोंबड्या." अकरा वनराजा आहेत. हैदराबादच्या राजेंद्रनगरला कुक्कुट संशोधन संचालनालय आहे, तिथे परसातल्या पालनासाठी तयार केलेली ही जात. अंड्यांच्या पैशांतून माझा किरकोळ खर्च निघतो. विकायला जीव होईना. हातात बारा दिवस होते.

आधी माझ्या चुका सांगते. पहिली म्हणजे स्वच्छतेची. झडीच्या दिवसांत वास येतो म्हणून मी रोज सकाळी खुराडे पाण्याने धुवत होते. ते पाणी फळीखाली जाऊन मुरत होते. दुसरी चूक म्हणजे, दुकानदाराने दिलेले कीटकनाशक मी शिटेवर मारले. दोन दिवस माशा कमी झाल्या, आठवड्याने दुप्पट! शिटेत छोटे काळे भुंगे आणि कोळीच्या जातीचे बारीक जीव असतात, ते माशीची अंडी फस्त करतात. औषधाने तेही मेले. वर त्या आठवड्याची अंडी भीतीने फेकली ती वेगळीच.

सासूबाई ओट्यावरून हे सगळे पाहत होत्या. म्हणाल्या, "पान्यानं धुतलं तं माशी येनच. आमी राख टाकत होतो." गॅस आल्यापासून राख घरात उरली कुठे? पण मुद्दा त्यांचाच खरा होता. माशीला घाण लागते त्याहून जास्त ओल लागते. कोंबडीच्या ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असते. माशी एका वेळी शंभरएक अंडी घालते, ती दिवसभरात फुटतात. पाच-सहा दिवस अळी ओल्यात खाते, मग कोरड्या कडेला सरकून गव्हाच्या दाण्याएवढा तपकिरी कोष करते, आणि आपल्याकडच्या उष्म्यात सात ते दहा दिवसांत अंड्याची माशी होते. पण शीट कोरडी पडली की अळी जगत नाही. म्हणजे आपण घर स्वच्छ करतो पाण्याने, आणि खुराडे स्वच्छ होते कोरडे ठेवून.

मग मी आणि नातवाने मिळून असे केले:

१. सगळी ओली शीट आणि खालची चार बोटे माती खरवडून काढली. अळ्या मातीतही शिरतात. ढीग परसाच्या टोकाला नेला, त्यावर काळे प्लॅस्टिक ताणले आणि कडा मातीने पक्क्या दाबल्या. आतल्या उबेने अळ्या मरतात, आणि कोष फुटून निघालेल्या माशांना बाहेर वाट मिळत नाही. पुढे त्याचेच खत होते.

२. जमीन वाळू दिली. मग गिरणीतले भाताचे तूस आणि गेल्या हंगामाचे सोयाबीनचे कुटार चार बोटे पसरले. त्यात हॉटेलच्या भट्टीतून मागून आणलेली राख आणि थोडी चुन्याची फक्की मिसळली. कळीचा चुना नको, पाय भाजतात.

३. पाण्याचे भांडे दोन विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवले. आधी ते जमिनीवर होते. सगळ्यात जास्त अळ्या त्याच्याच भोवती सापडल्या!

४. उरलेले खारट सांबार-भात घालणे बंद केले. मीठ जास्त झाले की कोंबडी पाणी जास्त पिते आणि पातळ हगते.

५. दर बुधवारी आणि रविवारी ओले दिसेल तेवढे काढायचे, बाकी काट्याने उलटेपालटे करायचे. सात दिवसांच्या आत हात फिरला की अळीची माशी होत नाही. यात खाडा नाही.

६. असलेल्या माशांसाठी बाटलीत गूळपाणी आणि सुकट घालून सापळे केले. ते दाराशी टांगू नका, वासाने उलट माशा घराकडे येतात. मी परसाच्या टोकाला टांगले.

साफ करतानाच तांबडी कोंबडी कोपऱ्यात पिसे फुगवून बसलेली दिसली. शेपटीखाली पिसे चिकटलेली, आणि पिसे बाजूला केली तर कातडीत अळ्या. जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पिसे कापली, चिमट्याने एकेक अळी काढली, जखम धुऊन मलम लावले. म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवी होती." तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोंबड्या आत घेताना मी प्रत्येकीची शेपटी उचलून पाहते. वेळ लागतो दोन मिनिटे.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका. कमरेइतका खड्डा करून, वर चुना घालून पुरा. मेलेल्या जनावरावरच्या अळ्यांत एक जहरी विष साठते. त्या खाल्ल्या की कोंबड्यांची मान लुळी पडते आणि त्या मरतात. आपल्याकडे "अळ्या खाऊ द्या, फुकट खुराक" म्हणतात, पण माशांमधून पट्टकृमीही पोटात जातात. तेव्हा जपूनच.

पहिले चार दिवस फरक दिसेना. आधीच्या माशा होत्याच, त्या मरायला दिवस लागतात. अक्का कुंपणाशी दिसायच्या, मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत. आठव्या दिवशी सापळ्यात थोड्याच माशा सापडल्या. दहाव्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले आणि हात धरून त्यांना खुराड्यापर्यंत आणले. त्यांनी वाकून कुटारात हात घातला, मूठ उघडून पाहिली. कोरडी. "वास पण नाही वदिना," म्हणाल्या.

बारशाला माशा नव्हत्याच असे म्हणणार नाही. पावसाळ्यात आमच्या गावात ते शक्य नाही. पण बाळ अंगणात उघड्या पाळण्यात झोपले होते आणि बाळाची आई निवांत जेवली. जाताना मी पाच अंडी नेली होती. अक्कांनी ती ठेवून घेतली आणि रिकाम्या डब्यात पायसम भरून दिले. चहाही घेतला, दुसऱ्या दिवशी, आमच्या ओट्यावर.

खतही तयार होते आहे. दिवाळीनंतर मेथी-पालकाच्या वाफ्यात घालीन. तुमच्याकडे खुराड्यात खाली काय पसरता, शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा की आणखी काही? जरूर कळवा. पुढच्या वेळी हिवाळ्यात पिल्लांना ऊब कशी द्यायची, त्याविषयी.