सर्व्हर नाही, मालक मात्र आहे!

‘सर्व्हरलेस’ हा शब्दच मुळी फसवा आहे. सर्व्हर नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रशाळेत गेला आहे. कमांड लाइनवरील एका ओळीने एआय एजंट तेथे डेटाबेस उभारतो आणि एका ओळीने पुसूनही टाकतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटाने, बदल न करण्याची स्पष्ट ताकीद असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. यंत्राला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत! पुसण्याचा अधिकार त्याला दिला कोणी? अनर्थानंतर कंपनीने चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा करण्याची व्यवस्था आणली. म्हणजे ती आधीही शक्य होती. एजंटाला प्रत द्यावी. मूळ डेटाबेस पुसण्याच्या आज्ञेवर अखेरची संमती जबाबदार माणसाचीच असली पाहिजे.