गावची शाळा कोणाची?

पानिपत म्हटले, की मराठी माणसाला १७६१ सालची लढाई आठवते. आजचे पानिपत मात्र हातमाग आणि लोकरी सूत यांसाठी प्रसिद्ध असलेला हरियाणातील जिल्हा आहे. समालखा, इसराना, बापोली या भागांतील गावोगावी सरकारी शाळा आहेत. या शाळा नेमक्या कोणाच्या, हे त्यांच्या कारभाराकडे आणि खर्चाकडे पाहिल्यावर कळते.

महाराष्ट्रात ग्रामीण भागातील सरकारी प्राथमिक शाळा १९६२ साली स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा चालवतात. हरियाणात ही जबाबदारी थेट राज्याच्या शिक्षण विभागाकडे आहे. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी आणि त्यांच्या हाताखाली गटशिक्षणाधिकारी देखरेख करतात. शिक्षकांच्या नेमणुका मात्र राज्य पातळीवर होतात. वेतनाचा मोठा भार राज्याची तिजोरी उचलते. त्याशिवाय २०१८ साली सुरू झालेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे.

याच योजनेतून दुरुस्ती, स्वच्छता, शैक्षणिक साहित्य अशा गरजांसाठी शाळेला वार्षिक अनुदान मिळते. ते पटसंख्येवर ठरते. पट १०० ते २५० असेल तर ५०,००० रुपये. तो शंभराच्या खाली गेला, की २५,०००. हिशेब सोपा आहे. पण तो न्याय्य म्हणता येत नाही. गळके छप्पर पट पाहून गळत नाही. ज्यांना परवडते ते पालक मुलांना खासगी शाळेत घालतात. पट घटतो, त्यामागोमाग अनुदान घटते आणि शाळा आणखी ओस पडते. मागे उरतात ती शेतमजुरांची, वीटभट्टी कामगारांची मुले. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथेच झाला. जिला दूरच्या शाळेत पाठवायला घरचे तयार नसतात, त्या मुलीच्या दृष्टीने गावातली शाळा टिकणे हाच या घोषणेचा खरा अर्थ आहे.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात. समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा आणि तोच अनुदानाचा आधार व्हावा, असे कायदा म्हणतो. खेड्यातील पालकांना हिशेब कळणार नाही, असा आक्षेप काही जण घेतात. परंतु वर्गात पाणी कोठे साचते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे की नाही, हे त्यांच्याइतके अचूक कोणाला सांगता येईल?

पैसा वरून यावा, यात गैर काही नाही. प्रत्येक गावाला केवळ स्वतःच्या ऐपतीवर शाळा चालवायला लावले, तर गरीब गावाच्या वाट्याला गरीब शाळाच येईल. मात्र गरज गावाने सांगावी, ती शासनाने ऐकावी आणि आलेल्या पैशाचा हिशेब गावासमोर मांडला जावा. असे झाले, तर सरकारी शाळेला गावकरी आपली शाळा म्हणू लागतील.