घाट आणि सायकल

घाटातला रस्ता म्हटला की रस्ते बांधणारे खाते एकच हिशेब मांडते : किती मिनिटे वाचली? हा हिशेब चुकीचा नव्हे, पण तो अपुरा आहे. मालमोटारीच्या दृष्टीने घाट हा अडथळा, मोटारीच्या दृष्टीने विलंब. लांबच्या प्रवासास निघालेल्या सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र घाट हाच त्या प्रवासाचा गाभा असतो. मुंबईहून पुण्यास सायकलने गेलेल्या माणसाला पनवेल, चौक, खोपोली हा सपाटीचा रस्ता पुढे फारसा आठवत नाही. आठवतो तो बोरघाट. कोकण संपून देश कोठे सुरू होतो हे भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते गुडघ्यांनी जाणणे वेगळे. दुर्दैव असे, की नेमका हाच घाट आज सायकलस्वाराला भीतीचा झाला आहे.

या घाटातून चाकाची वाहने जातील असा रस्ता १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, खुला झाला. खोपोलीहून चढणाऱ्या जुन्या वाटेवर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्यात त्याचा जीव गेला, अशी दंतकथा सांगतात. वाहनचालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. मार्ग दाखवणारा मनुष्य पायी चालणारा होता, एवढे तरी त्या नाण्याने ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

सायकलने हा घाट चढणे म्हणजे काही पराक्रम आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. गणित करून पाहिले तर तो टिकत नाही. खोपोली ते लोणावळे ही उंची ढोबळमानाने साडेपाचशे मीटर धरावी. स्वार, सायकल आणि पाठीमागचे सामान मिळून नव्वद किलो धरले, तर हे ओझे वर नेण्यास सुमारे ४,८५,००० ज्यूल इतके कार्य करावे लागते. जुन्या काळी घराघरांत जळणारा शंभर वॅटचा दिवा जेवढी शक्ती घेई, तेवढीच शक्ती पायांनी सतत दिली, तर हे काम ८१ मिनिटांत होते. घर्षण आणि विश्रांती धरून दोन तास म्हणू. शंभर वॅट ही धडधाकट प्रौढ माणसाच्या आवाक्यातील गोष्ट आहे. शाळेतला विज्ञानशिक्षक हे उदाहरण फळ्यावर सोडवू शकेल आणि त्यानंतर वर्गातील चार मुले तरी घाटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतील.

मग दम का लागतो? दोष बहुधा पायांचा नसून दात्यांचा असतो. आपल्याकडची दणकट काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. तासाला दहा किलोमीटर या घाटातल्या वेगाला मिनिटात जेमतेम तीस फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सारा भार येतो. गिअर बदलून हेच अंतर दोन-सव्वादोन मीटरवर आणले की फेरे ऐंशीच्या घरात जातात, भार कमी होतो, श्वास लयीत राहतो. काम तेवढेच, ते लहान लहान हप्त्यांनी फेडले जाते, इतकेच. कारकुनी पेशातल्या वाचकास हप्त्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको!

गिअरची ही सोय शर्यतवाल्यांनी नव्हे, तर प्रवाशांनी जगापुढे आणली, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. फ्रान्समधील सेंत-एतिएन या गावचा पॉल द व्हीव्ही हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असे. गावाबाहेरच्या घाटात सायकलीवरून चढउतार करीत त्याने अनेक गिअरांच्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार केला. ‘टूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीच्या चालकांना मात्र अशा सोयीत स्वाराच्या पौरुषाला कमीपणा दिसे. १९१० मध्ये ही शर्यत पिरेनीजच्या उंच खिंडींतून, २,११५ मीटर उंचीच्या तूर्मालेवरून, नेण्यात आली. पण व्यावसायिक स्पर्धकांना गिअर बदलणारी यंत्रणा वापरण्याची मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर जगातले नाणावलेले स्वार खिंडीच्या माथ्यावर उतरून, मागचे चाक काढून, ते उलटे बसवीत. कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी दातेरी चकती असे. साधा प्रवासी ज्या सुखाने चढे, ते सुख विजेत्याला वर्ज्य होते. घाट हा मर्दुमकीचा आखाडा मानला की असे होते.

आपल्याकडे घाट आखाडाही राहिलेला नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शंभराच्या वेगाने धावणाऱ्या मोटारींच्या शेजारी सायकल चालवू द्यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु खंडाळ्याच्या घाटात डोंगराने जागाच कमी ठेवल्यामुळे जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच पट्ट्यात आणले गेले. म्हणजे बंदी ज्या धोक्यासाठी, तो धोका नेमक्या चढावर सायकलस्वाराच्या खांद्याशी येऊन उभा राहतो. उतरताना तर प्रश्न अधिक बिकट. चढताना साठवलेली ती सारी ऊर्जा उतारावर ब्रेकच्या रबरांनी आणि चाकाच्या कडांनी उष्णता होऊन सोसावयाची असते. पावसात ओली कड रबराला धरत नाही, मागून अवजड वाहन येत असते आणि बाजूला सरकावयास कडेची पट्टी नसते.

स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्ड खिंडीखालून सुमारे १७ किलोमीटरचा मोटारींचा बोगदा १९८० मध्ये सुरू झाला. त्यात सायकल नेता येत नाही. परंतु खिंडीवरून जाणारा, एकोणिसाव्या शतकातला, ग्रॅनाइटच्या दगडांनी फरसबंद केलेला ट्रेमोलाचा वळणावळणांचा रस्ता त्यांनी मोडीत काढला नाही. तो राखला, दुरुस्त ठेवला आणि आज देशोदेशींचे सायकलस्वार त्यावरून २,१०६ मीटरचा माथा गाठतात. ज्या देशाला एका मिनिटाची किंमत कळते असे आपण मानतो, त्या देशाने संथ माणसासाठी दगड बसवून ठेवले आहेत. तो देश श्रीमंत आहे, हा आक्षेप येथे लागू होत नाही. आपल्याला नवा रस्ता बांधावयाचा नाही. १८३० पासूनची वाट हाताशी आहे.

खोपोली ते कुसगाव या टप्प्यात बोगदे आणि पूल यांचा जो नवा दुवा आखण्यात आला, त्याचा हेतूच मुळी जलद वाहतूक या घाटातून बाजूला काढणे हा आहे. तेव्हा मोकळ्या होणाऱ्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न वाहतूक वळवण्याच्या कामाबरोबरच सोडवला गेला पाहिजे. ती जागा पुन्हा मोटारींनी भरून जाण्यास फार दिवस लागणार नाहीत, आणि एकदा ती भरली की सायकलसाठी ती परत मागणे हे निव्वळ अर्जविनंत्यांचे काम होऊन बसेल. चढत्या बाजूला रंगाने नव्हे, तर कठड्याने वेगळी केलेली दीड-दोन मीटरची पट्टी, मध्ये एक-दोन ठिकाणी पिण्याचे पाणी, उताराच्या वळणांवर सायकलस्वाराला वाचता येतील असे फलक, आणि रविवारी सकाळी काही तास शिंग्रोबाच्या वाटेवर मोटारींना मज्जाव, एवढ्याने सुरुवात होण्यासारखी आहे.